समुद्र दूर, तरी मासळी चांगली!
वाळवंटातल्या सुशीपासून सातारा-सांगलीच्या हॉटेलवाल्यांनी काय घ्यावे?

अमेरिकेतील लास व्हेगास हे शहर नेवाडाच्या वाळवंटात वसले आहे. वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर पारा आणि सभोवार उजाड डोंगर. तरीही जगभरचे पर्यटक आणि व्यापारी तेथे लोटतात. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे जेसीके हे मोठे प्रदर्शन दरवर्षी तेथेच भरते आणि भारतातील जवाहिरेही त्याला जातात. अशा ठिकाणी गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जेवणाचा. मांस हलाल आहे की नाही, याची खात्री प्रत्येक ठिकाणी कशी करावी? मग तो मासळीकडे वळतो, कारण माशाला जबीहाची अट नाही. आणि मासळी म्हटली की तेथे जागोजागी जपानी सुशीची दुकाने दिसतात.

वाळवंटात कच्चा मासा! ऐकूनच आपल्याकडचा माणूस नाक मुरडेल. परंतु तेथील चांगली दुकाने हा माल निर्धोकपणे विकतात आणि गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते. हे कसे साधते, हे समजून घेणे आपल्या सातारा-सांगलीच्या व्यापारी बांधवांना उपयोगाचे आहे. कारण आपलेही जिल्हे समुद्रापासून दूर आहेत. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांची रीघ आहे, पुणे-बंगळूर महामार्गावर वाहनांची रीघ आहे, आणि ‘येथे ताजी मासळी मिळेल’ अशा पाट्याही कमी नाहीत. त्या पाटीमागे काय असावे, हाच आजचा विषय.

सुशी म्हणजे काय?

सुशी म्हणजे निव्वळ कच्चा मासा, असा समज आहे. तो बरोबर नाही. शिरका घालून किंचित आंबटगोड केलेला भात हे सुशीचे मुख्य अंग. त्याच्यावर किंवा त्याच्या आत मासा असतो, अंडे असते, काकडीही असते. मासा कधी कच्चा, तर कधी शिजवलेला असतो. मूळची सुशी तर मासा टिकवण्याची युक्ती होती. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवत ठेवायचा. जपानात बिवा नावाच्या गोड्या पाण्याच्या सरोवराकाठी ही जुनी पद्धत आजही टिकून आहे. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून हातोहात विकण्याची रीत एकोणिसाव्या शतकात एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरात रूढ झाली. थोडक्यात, मासा नासू न देता गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोचवावा, या प्रश्नातूनच हा पदार्थ जन्मला.

आज मिठाची जागा थंडीने घेतली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीप्रमाणे कच्चा वाढायचा मासा, काही ठरावीक जाती वगळता, आधी गोठवावा लागतो. उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर कडक गोठवून पंधरा तास. याने माशातील जंत मरतात. जपानी लोक दूरच्या समुद्रात पकडलेला ट्यूना, म्हणजे आपल्याकडील कुप्याच्या जातीचा मासा, बोटीवरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात. म्हणजे लास व्हेगासमधील ‘ताजी’ सुशी बहुधा एकदा गोठवलेल्या माशाचीच असते. त्यात लपवाछपवी काही नाही. ताजेपणा हा माशाने तोडलेल्या मैलांवर ठरत नाही. वाटेत तो किती वेळ गरम राहिला, यावर ठरतो.

आपले अंतर किती?

लास व्हेगासहून सर्वांत जवळचे मोठे बंदर लॉस एंजेलिसकडे. अंतर सुमारे ४३० किलोमीटर. आता आपल्याकडे पाहा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेला टेम्पो आंबा घाट चढून कोल्हापूरला येतो तो सुमारे १३० किलोमीटरवर. तेथून सांगली आणखी पन्नासेक. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड शंभर किलोमीटरच्या आसपास. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर तर अवघे चाळीसेक किलोमीटर. जत, आटपाडी, म्हसवड, दहिवडी ही दुष्काळी गावे धरली तरी अंतर लास व्हेगासच्या निम्म्याच्या आसपासच भरते. मिरकरवाड्यात मासेमारी आणि मासळीच्या धंद्यात दालदी मुसलमान पिढ्यान् पिढ्या आहेत. म्हणजे घाटाच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसे व्यापारात उभी आहेत.

मग वाळवंटातला मनुष्य निर्धास्तपणे मासा खातो आणि आपल्या हायवेवरचा गिऱ्हाईक ‘नको, मटणच द्या’ म्हणतो, ते का? आमचे उत्तर असे की, दोष अंतराचा नाही. बर्फ आणि खप या दोन गोष्टींचा हिशेब चुकतो.

बर्फाचा हिशेब

मासा पाण्यातून निघाल्यापासून शून्य अंशाच्या आसपास ठेवला, तर बरेच दिवस चांगला राहतो. उन्हाळ्यात जितका मासा तितकाच बर्फ, हे मासळीच्या धंद्यातील प्रमाण मानले जाते. पुष्कळ व्यापारी येथेच हात आखडतात. बर्फाचे चार पैसे वाचतात आणि पेटीच्या तळाचा माल मऊ पडतो. बर्फाची लादी तशीच ठेवण्यापेक्षा चुरा करून थरावर थर द्यावा, म्हणजे थंडी सगळ्या बाजूंनी लागते. वितळलेले पाणी पेटीतून निघून गेले पाहिजे. त्यात मासा भिजत पडला तर लवकर उतरतो.

बर्फ खाण्याच्या पाण्याचाच हवा. कारखान्यांसाठी बनवलेल्या अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ साली महाराष्ट्रात लागू झाला, तो याचसाठी. मासळीच्या पेटीत निळा बर्फ दिसला तर तो माल घेऊ नये.

बांगडा, सुरमई, कुपा या जातींबाबत विशेष जपावे. हे मासे काही तास गरम राहिले तर त्यांत हिस्टामाइन नावाचे द्रव्य तयार होते. ते तळल्याने जात नाही, रस्सा उकळल्याने जात नाही, नंतर गोठवल्यानेही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, मळमळते. आणि हे सारे जेवणानंतर थोड्याच वेळात. लोक म्हणतात, ‘मासा बाधला’. प्रत्यक्षात बाधते ती वाटेतली उष्णता. ‘मसाला जरा चढा घाला, कळणार नाही’ असे म्हणणाऱ्या आचाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगणे मालकाचे काम आहे.

खपाचा हिशेब

समजा, एका हॉटेलवाल्याने ४०० रुपये किलोने वीस किलो मासळी घेतली. आठ हजार रुपये गुंतले. रोजचा खप चौदा किलोचा. राहिलेला सहा किलो माल दुसऱ्या दिवशी ताज्यात मिसळला, तर पहिल्या दिवशी २४०० रुपये वाचल्यासारखे वाटतात. पण दुसऱ्या दिवशी ताजा मालही तितकाच उरतो आणि तिसऱ्या दिवशीच्या थाळीत कालचा-परवाचा मासा येतो. हे चक्र एकदा सुरू झाले की दुकानात खरा ताजा मासा कधीच नसतो, फक्त खरेदी रोजची असते. याउलट चौदा किलोच्या खपाला बारा किलो घेणारा रात्री आठनंतर ‘आज संपले’ म्हणतो. दोन किलोंचा नफा जातो, पण उद्याचे गिऱ्हाईक पक्के होते.

लास व्हेगास काय किंवा टोकियो काय, चांगल्या सुशीवाल्याची ओळख हीच. त्याच्याकडे जे त्या दिवशी चांगले आले तेच तो सांगतो. नाही ते नाही म्हणतो.

गिऱ्हाइकाने काय पाहावे?

गाव परके असो वा आपले, पुढील खुणा बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतात.

पहिली खूण वासाची. चांगल्या दुकानात शिरताच मासळीचा उग्र वास येत नाही. ताज्या माशाला समुद्राच्या पाण्यासारखा हलका वास असतो.

दुसरी खूण माशाची. पूर्ण मासा दाखवायला सांगावे. डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लालसर, अंग बोटाने दाबले तर पुन्हा वर येणारे असावे. फक्त तुकड्याच दाखवणाऱ्याला ‘कधी कापला?’ हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

तिसरी खूण यादीची. पन्नास प्रकारची मासळी बाराही महिने मिळते असे लिहिले असेल तर सावध व्हावे. चार-पाच प्रकार, आणि तेही रोज बदलणारे, हे चांगले लक्षण.

चौथी खूण दिनदर्शिकेची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘आजच रत्नागिरीहून आलेली सुरमई’ असे कोणी सांगितले तर चौकशी करावी. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असते, पण त्यांचा माल थोडा. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्याने जूनच्या उत्तरार्धापासून तिकडचा माल येऊ शकतो. गोठवलेला मालही असतो. दोन्ही विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते नाव बदलून विकणे.

पाचवी खूण गर्दीची. जेथे स्थानिक लोक जेवतात तेथे खप असतो आणि जेथे खप तेथे माल शिळा राहत नाही. केवळ पर्यटकांच्या भरवशावर चालणाऱ्या हॉटेलात मधल्या वाराला मासळी मागवताना दोनदा विचार करावा.

सुशीच्या दुकानात आणखी काय विचारावे?

परदेशात सुशी खाणाऱ्या बांधवांनी माशाबरोबर भाताचीही चौकशी करावी. जपानी स्वयंपाकात मिरिन आणि साके या मद्यांचा वापर होतो. काही ठिकाणी भाताच्या शिरक्यात, काही ठिकाणी सॉसमध्ये ती असतात. सोया सॉसबद्दलही विचारून घ्यावे. खेकड्याच्या नावाने मिळणारी गुलाबी कांडी बहुधा माशाच्या लगद्याची असते, परंतु तिच्यातही मिरिन किंवा इतर पदार्थ असू शकतात. कोलंबी, खेकडा वगैरेंबाबत आपल्याकडील शाफई आणि हनफी बांधवांचे मत एक नाही. कोकणात जे चालते ते घाटावर प्रत्येकाला चालेलच असे नाही. ज्याने त्याने आपल्या उलेमांचे मार्गदर्शन घ्यावे. हॉटेलवाल्याने मात्र कोलंबी आणि मासा एकाच तेलात तळू नये, म्हणजे दोन्ही गिऱ्हाइके निर्धास्त जेवतील.

सुशीची नक्कल घरी करण्याचा मोह मात्र टाळावा. बाजारातला मासा शिजवून खाण्यासाठी आणलेला असतो, आणि घरच्या फ्रीजला उणे ३५ अंशांची थंडी जमत नाही. रोहू, कटला, चिलापी हे गोड्या पाण्यातील मासे तर कच्चे मुळीच खाऊ नयेत. त्यांतील जंत माणसाच्या यकृतापर्यंत जाऊ शकतात. आपली तळलेली तुकडी आणि तिखट रस्सा हीच आपली सुशी.

कारागिरांसाठी एक शब्द

या धंद्यात फक्त मासेवाल्याचीच रोजी नाही. सुशीसोबत शिरक्यात मुरवलेल्या आल्याचे पातळ काप देतात. आणि सातारा जिल्हा आल्याच्या पिकासाठी नामांकित आहे. कोवळ्या आल्याचे असे लोणचे बाटलीबंद करून पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना देणे हा घरगुती उद्योगही होऊ शकतो. जपानी आचारी एका बाजूनेच धार लावलेली लांब सुरी वापरतो, कारण बोथट सुरीने मांस दबते आणि रस गळतो. मिरजेत ज्यांनी तलवारीची धार सोडून तंबोरा-सतार हाती घेतली, त्या शिकलगारांच्या घराण्यांना धारेचे महत्त्व सांगायला नको. हॉटेलांच्या सुऱ्यांना नियमाने धार लावून देण्याचे महिनेवारी काम आजही कोणी हाती घेतले तर त्यात बरकत आहे.

महाबळेश्वरचा मे महिना म्हणजे गर्दी सर्वांत जास्त, ऊन कडक, बर्फ वितळणारा आणि मासेमारीचा हंगाम संपत आलेला. हॉटेलवाल्याची परीक्षा याच महिन्यात होते. पेटी निम्म्या बर्फाने भरून पाटीवर ‘ताजी’ लिहिणे सोपे आहे. पण पुण्या-मुंबईचे कुटुंब एकदा आजारी पडून परत गेले तर ते त्या दुकानाला नाव ठेवीत नाही, सगळ्या गावालाच नाव ठेवते. शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराची रोजीही त्यात बुडते. म्हणून ज्यांची दुकाने एका रस्त्यावर आहेत त्यांनी मिळून एक टेम्पो, एक बर्फवाला आणि एकच भाव ठरवावा, आलेला माल त्याच दिवशी वाटून घ्यावा, आणि संपला की ‘आज नाही’ म्हणावे. वाळवंटातल्या दुकानदाराला हे जमते. आपण तर घाटाच्या माथ्यावर बसलो आहोत.