एकसष्टच्या पोटातले दहा अंक

कोडे चौथीतल्या मुलालाही समजेल असे आहे. एखाद्या संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि त्यात १ मिळवा. येणारे उत्तरही वर्गसंख्याच हवे. ६१ ऐवजी ६० घेतले तर हे लगेच जमते: ४ च्या वर्गाची साठपट ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ आणि ६३ ही जोडी सापडते. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ असे आहे. शेजारी इतके सरळ आणि हा असा का, याचे मला अजूनही नवल वाटते.

१, २, ३ असे क्रमाने तपासत गेलो, दर सेकंदाला एक संख्या, रात्रंदिवस, तरी सात वर्षांहून अधिक काळ लागेल. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त हेच उत्तर चार-पाच पायऱ्यांत काढले. रीत चक्रवाल. ती त्यांच्या आधी जयदेवाला ठाऊक होती आणि तिचा पाया ब्रह्मगुप्ताने ६२८ साली घातला होता.

सुरुवात जवळपासच्या अंदाजाने होते. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. आपल्याला हवा आहे फरक १. हा ३ म्हणजे क्षेप. चक्राचा एक फेरा घेतला की ३९ आणि ५ मिळतात: १५२१ आणि १५२५, क्षेप उणे ४. इथे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ कामी येते. अशा दोन जोड्या एकमेकींशी ठरावीक रीतीने गुणल्या की त्याच प्रकारची तिसरी जोडी मिळते आणि क्षेपांचाही गुणाकार होतो. उणे ४ वरून या रीतीने, मध्ये भागाकारही करत, २९,७१८ आणि ३,८०५ येतात, क्षेप उणे १. ही जोडी स्वतःशीच गुणली की क्षेप अधिक १ आणि आपले दहा अंकी उत्तर हाती.

म्हणूनच या संख्येची घडण इतकी देखणी आहे. तिच्यातून १ वजा केला तर उरते २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. १ मिळवला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. शिवाय तिला २२,६१,५३,९८० ने भागले की ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत अचूक मिळते.

१६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हाच प्रश्न समकालीनांपुढे टाकला आणि उदाहरणातही ६१ घेतला. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने रीत शोधली, पण ऑयलरच्या गैरसमजामुळे या समीकरणाला पेल या दुसऱ्याच गणितज्ञाचे नाव चिकटले. हा ब्रह्मगुप्तावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणे गावी १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारल्याची नोंद त्यात आहे. ती अध्ययनाची परंपरा पुढे नेण्यासाठी नववी-दहावीच्या शिक्षकांनी एक तास राखून ठेवून हे ६१ चे गणित फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवावे. त्याला लागतात फक्त गुणाकार, भागाकार आणि वर्ग.