लिंबूपाण्याचे दहा दिवस आणि आपले ताट

आमच्या मोठ्या बहिणीच्या मुलीचा निकाह ठरला. तारीख दोन महिन्यांवर होती. एका रविवारी आम्ही आपांकडे गेलो तर सगळे दस्तरखानावर बसलेले आणि भाची मात्र आतल्या खोलीत बाटलीतून काहीतरी पीत होती. लिंबू, मध, पाणी आणि चिमूटभर लाल तिखट. "खाला, डिटॉक्स करतेय. दहा दिवस जेवायचं नाही. शरीरातलं सगळं विष निघून जातं आणि वजनही उतरतं," ती म्हणाली. तो चौथा दिवस होता. उठताना तिने भिंतीला हात टेकला, तो आपांनी पाहिला आणि आम्हीही.

रागावून उपयोग नव्हता. वर्गात मुलींना शिकवताना आम्हाला कळले आहे की नुसते 'नको' म्हटल्याने कोणी ऐकत नाही. वही पुढे ठेवून हिशेब मांडला की पटते. तसाच हिशेब त्या दिवशी मांडला. तो वाचक भगिनींसाठी इथे देत आहोत, कारण लग्नसराई आली की असे उपाय घरोघरी शिरतात.

हा उपाय आला कुठून?

मोबाईलवर नव्या नावाने फिरणारा हा प्रकार जुना आहे. अमेरिकेतील स्टॅन्ले बरोज यांनी १९७६ साली 'मास्टर क्लीन्झर' हे पुस्तक काढून तो लोकप्रिय केला. लिंबाचा रस, मेपल झाडाचा गोड पाक, तिखट आणि पाणी यांचे दिवसाला सहा ते बारा ग्लास, निदान दहा दिवस. शिवाय सकाळी मिठाचे पाणी आणि रात्री जुलाबाचा काढा. २००६ मध्ये गायिका बियॉन्से यांनी 'ड्रीमगर्ल्स' चित्रपटासाठी हे केले आणि त्याची जगभर चर्चा झाली. आपल्याकडे मेपलच्या पाकाच्या जागी मध किंवा गूळ आला, एवढाच फरक.

बरोज डॉक्टर नव्हते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका तरुणावर त्यांनी लिंबूपाणी आणि मालिशचे उपचार केले. तो तरुण वारला. खटला झाला. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने खुनाचा ठपका रद्द केला, पण परवान्याशिवाय वैद्यकी केल्याचा गुन्हा कायम ठेवला. हे ऐकून भाचीने बाटली खाली ठेवली. तरी तिचा प्रश्न होताच : "मी आजारी कुठे आहे?"

विष कोण काढते?

रक्तातील नको असलेले पदार्थ काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करतात. मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक शरीर परत घेते. या कामाला लिंबूपाण्याची जोड लागत नाही. पुरेसे पाणी, पुरेसे अन्न आणि तंबाखूपासून दूर राहणे, एवढे त्यांना पुरते.

आणि वजन? शरीर आधी आपला साखरेचा साठा वापरते. तो साठा आपल्याबरोबर कितीतरी पाणी धरून असतो, ते निघून जाते. जोडीला स्नायूही झिजू लागतात. काटा खाली येतो खरा, पण जेवण सुरू झाले की बरेचसे वजन परत येते.

आता गुण देऊ या

पेपर तपासायला उत्तरपत्रिकेचा नमुना लागतो. तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिला आहे. भारतीयांसाठीच्या त्यांच्या आहारसूचनांत दिवसाला २००० कॅलरीचे ताट असे मांडले आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या बिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. डाळीच्या जागी अंडी, मासे, मटण चालते.

भाची दिवसाला सहा ग्लास पीत होती, प्रत्येकात दोन मोठे चमचे मध. दोन चमच्यांत सुमारे ३४ ग्रॅम साखर, म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २००० कॅलरीच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, २५ ग्रॅमच्या आत असेल तर अधिक चांगले. मधही या साखरेतच मोजला जातो. शरीर शुद्ध करायला निघालेली मुलगी मर्यादेच्या चौपट साखर पीत होती!

प्रथिनांचे पाहा. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. तिच्या बाटलीत जवळपास शून्य. लोह २९ मिलिग्रॅम हवे, तेही नाही. भाज्या, डाळ, दूध, बिया यांच्यापुढे भोपळाच.

लोहाचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या मुलीचे रक्त आधीच कमी, तिला आपण दहा दिवस उपाशी ठेवून नव्या घरी पाठवायचे का?

"मग रोजात आपण उपाशी राहतोच ना?"

हा प्रश्न भाचीने विचारला आणि योग्यच विचारला. रोजा ही इबादत आहे, वजनाचा उपाय नव्हे. त्यात सेहरी आहे, रोज संध्याकाळी इफ्तार आहे. आजारी, मुसाफिर, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सवलत आहे. मोबाईलवरच्या उपायात अशी कुणाची चौकशी नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयातील मुले यांनी तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये. खाण्यात इसराफ नको ही शिकवण आपल्याला आहेच, पण अंगाचा हक्क मारणेही बरे नाही.

मग करायचे काय?

वजन कमी करायचेच असेल तर महिन्याला एक-दोन किलो, सावकाश. भात-भाकरी थोडी कमी, डाळ आणि पालेभाजी जास्त. चहातली साखर अर्धी. तळलेले पदार्थ आणि बाटलीबंद सरबत दावतीपुरते. रोज अर्धा तास भरभर चालणे. लिंबू सोडू नका. मसुराच्या डाळीवर, मेथीवर पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते, म्हणून तासभर थांबा.

त्या संध्याकाळी भाचीने ज्वारीची अर्धी भाकरी आणि डाळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी आपा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन कमीच निघाले. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिने ताट नीट सांभाळले गेले. वजन दोन किलो उतरले, तिने ठरवले होते त्यापेक्षा कमी. निकाहाचा जोडा शिंप्याकडून अर्धा इंच सैल करून घ्यावा लागला. पण पाहुण्यांच्या गर्दीत ती दिवसभर हसत उभी होती, आणि भिंतीला हात टेकावा लागला नाही.