मनाचा वैद्य आणि सरकारचें कार्ड

दौलताबादच्या किल्ल्याखालीं राहणाऱ्या कुटुंबानें सरकारी विम्याचें कार्ड घेऊन मनोविकारतज्ज्ञ शोधावयास निघण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी, असें आम्हांस वाटतें. तें कार्ड खाटेचें आहे. आयुष्मान भारत योजनेंत कुटुंबास वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात व मनोविकारही त्यांत येतात. पण रुग्ण इस्पितळांत दाखल झाला तरच. सदा उदास असणाऱ्या सुनेस बहुधा खाटेची गरज नसते. दरमहा वैद्याची भेट व नियमित औषध हवें असतें. २०१७ च्या कायद्यानें विमा कंपन्यांस मनोविकार शरीरविकारासमान लेखावयास सांगितलें, तरी ही उणीव उरलीच. लोकलाजेस्तव विकार झांकून ठेवणाऱ्या घरांवर मात्र पुढें खरोखरच खाटेची पाळी येते!

म्हणून कार्ड घेणारा खासगी तज्ज्ञ शोधीत महिने दवडूं नयेत. संभाजीनगरांतील सरकारी ‘घाटी’ इस्पितळाच्या मनोविकार विभागांत बाह्यरुग्णांस नाममात्र शुल्कांत तपासतात. संकोच वाटल्यास टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. मराठींतही बोलतां येतें. इस्पितळांत जातांना पूर्वींच्या औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्या. सोबत सासूबाई गेल्या तर उत्तमच; सुनेच्या झोपेचा व जेवणाचा हिशेब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक?