वणवा सोसणारं झुडूप

लोणावळ्याला जाताना तळेगाव दाभाडे लागतं ना, तिथल्या गवताळ उतारांवरची गोष्ट सांगतो. २०२० साली आदित्य धारप यांना तिथं एक अनोळखी वनस्पती दिसली. गडी चिकाटीचा! पुढची काही वर्षं ते तिच्यावर नजर ठेवून राहिले. मग पुण्याच्या आघारकर संस्थेतले मंदार दातार आणि भूषण शिगवण यांच्या जोडीनं अभ्यास झाला, लंडनच्या क्यू उद्यानातल्या जाणकारानं दुजोरा दिला, आणि २०२४ मध्ये सगळ्यांना कळलं की ही जात विज्ञानाला नवी आहे. नाव मोठं भारदस्त : डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. कूळ मात्र आपल्या अडुळशाचं, कारवीचं.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि ही पोर वर्षातून दोनदा! पाऊस सरला की नोव्हेंबरापासून मार्च-एप्रिलपर्यंत पहिला बहर. तिच्यासारखे फुलांचे तुरे भारतातल्या तिच्या एकाही बहिणीला नाहीत. अगदी जवळचं नातं सापडतं ते थेट आफ्रिकेत. मग उन्हाळ्यात कुणीतरी गवताला काडी लावतं आणि डोंगर काळाठिक्कर पडतो. वरचं सगळं जळतं. पण मातीखाली तिचं लाकडासारखं जाड मूळ असतं. आजीच्या कनवटीची पुरचुंडीच म्हणा ना, अडचणीपुरतं राखून ठेवलेलं. गवताची आग झरझर पुढं सरकते, तिची धग मातीत खोल उतरत नाही. त्या मुळातून बुटके कोंब फुटतात आणि मे-जूनमध्ये, पाऊस यायच्या आतच, दुसरा बहर येतो.

“मग आजोबा, वणवा लावलेला चांगलाच की!”

थांब, थांब. तिथंच टिटवीची अंडी उघड्यावर असतात, सरडे असतात, त्यांचं काय? म्हणून तर अभ्यासक म्हणतात, या झाडाला आगीची गरज असते खरी, पण ती जपून हाताळायला हवी. मला विचारशील तर, आगीपेक्षा जेसीबीची धास्ती जास्त. मुळासकट माती उचलल्यावर फुटायचं कुठून? शिवाय गवताळ माळ म्हटला की आपण त्याला पडीक ठरवतो आणि हौसेनं झाडं लावायला खड्डे खणतो. त्या झाडांची सावली दाटली, की उघड्या उन्हात वाढणाऱ्या हिला जागाच उरत नाही.