रेणूंचं गणित (भाग ८) : मिथिलीन सरळ की वाकलेला?

श्रोडिंगरचं समीकरण रेणूंसाठी तंतोतंत सुटत नाही, आडाख्यांवरच पुढे जावं लागतं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. प्रयोगशाळेतल्या माणसांचा या आडाख्यांवर विश्वास बसायला एक चिमुकला रेणू कारणीभूत झाला.

मिथिलीन. एक कार्बन, दोन हायड्रोजन, बस. कार्बनचे चारपैकी दोनच बंध जुळलेले, त्यामुळे समोर येईल त्यावर हा तुटून पडतो. बाटलीत भरून ठेवता येत नाही. उरलेल्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेचे असले तर अवस्था ट्रिप्लेट, विरुद्ध असले तर सिंग्लेट. फरक कागदावरचा नाही. सिस-ब्यूटीनशी सिंग्लेटची गाठ पडली की दोन्ही बंध एकदमच जुळतात आणि तयार होणाऱ्या तिकोनी कड्यात दोन्ही मिथिल गट एकाच बाजूला राहतात. ट्रिप्लेट आधी एकच बंध जोडतो. दुसरा जुळेपर्यंत रेणूला गिरकी घ्यायला उसंत मिळते, आणि हाती मिश्रण येतं.

ट्रिप्लेट ही मिथिलीनची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था. तिचा आकार कसा? ओटावाच्या गेरहार्ड हर्झबर्ग यांनी १९६१ मध्ये वर्णपटावरून निष्कर्ष काढला : सरळ, किंवा जवळपास सरळ. वर्णपटाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्याच्या आदल्याच वर्षी फॉस्टर आणि बॉइज यांनी गणिताने १२९ अंशांचा कोन काढला होता, पण त्याकडे लक्ष कोण देणार! १९७० मध्ये बेंडर आणि तरुण हेन्री शेफर यांनी जास्त काटेकोर गणित मांडलं : १३५.१ अंश. त्याच वर्षी चुंबकीय क्षेत्रातल्या मोजमापांनीही रेणू वाकलेलाच असल्याचं दाखवलं.

हर्झबर्ग यांनी स्वतःचाच वर्णपट पुन्हा तपासायला घेतला. त्यात काही रेषा दिसत नव्हत्या. वरच्या अवस्थेत रेणू फुटत असल्याने त्या पुसट झाल्या असं धरलं, तर तोच वर्णपट वाकलेल्या रेणूशी नेमका जुळत होता. १९७१ मध्ये त्यांनी हे छापून मान्य केलं. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. या साऱ्या प्रकरणात मला त्यांचाच मोठेपणा अधिक जाणवतो.

वाद मात्र मिटला नाही. सिंग्लेट आणि ट्रिप्लेट यांच्या ऊर्जेत किती अंतर? कोलोरॅडोत लाइनबर्गर यांच्या गटाने १९७६ मध्ये प्रयोगाने १९.५ किलोकॅलरी प्रति मोल हा आकडा दिला. गणित सांगत होतं दहा-अकराच्या आसपास. यावेळी गणितवाले मागे हटले नाहीत. पुढे त्याच गटाने उपकरण सुधारलं, तेव्हा उलगडा झाला : मोजमापासाठी घेतलेले ऋणायन ‘गरम’ होते, आधीच कंप पावत होते, आणि त्या जादा ऊर्जेमुळे आलेल्या शिखरांवरूनच अंतर मोजलं गेलं होतं. ती वगळल्यावर आकडा नऊच्या आसपास आला.

पुढील भागात : वुडवर्ड-हॉफमन नियम.