घरापुरता भोपळा

सात-आठ किलोचा तांबडा भोपळा बाजारात नजरेत भरतो, पण चौघांच्या घरात तो चिरला की संपता संपत नाही. हर्णेसारख्या समुद्रकाठच्या गावात हवा दमट असते. चिरलेली फोड उघडी राहिली तर लवकरच बुळबुळीत होते. अखंड भोपळा मात्र महिनोन् महिने टिकतो. म्हणून घरच्या खाण्यासाठी वाण निवडताना आधी आकार पाहावा. एक-दोन वेळच्या स्वयंपाकात संपेल एवढाच भोपळा हवा.

असे वाण आपल्याकडे आहेत. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का सूर्यमुखी’ साधारण १ किलोचा असतो. चपटा-गोल, नारिंगी सालीवर फिकट पट्टे. तो फळमाशीला दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याच संस्थेचा ‘अर्का चंदन’ २ ते ३ किलोचा, घट्ट गराचा आणि कॅरोटीनने समृद्ध. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या ‘पुसा विकास’चं फळ २ किलोच्या आसपास भरतं आणि वेल आखूड असल्याने लहान परसातही मावतो. ‘पुसा विश्वास’ ५ किलोपर्यंत जातो, तो पंगतीसाठी ठीक. यांतलं आपल्या जांभ्या मातीत काय चांगलं येईल, हे जवळच दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात विचारून घ्यावं.

वाणाचं नाव माहीत नसेल तर देठ पाहा. खायच्या भोपळ्यांच्या मुख्य जाती तीन. मोस्काटाचा देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला जोडतो तिथे पसरट. मॅक्सिमाचा गोल, जाड, बुचासारखा मऊ. पेपोचा देठ कडक आणि खोल कंगोऱ्यांचा, पण खाली पसरत नाही. बटरनट हा मोस्काटा, तर जपानी काबोचा हा मॅक्सिमा. काबोचाचा गर कोरडा आणि पिठूळ, तो वाफवून भरीत करायला उत्तम. परदेशात कोरून दिवे लावतात ते मोठे भोपळे बहुतेक पेपो. त्यांचा गर पाणचट आणि धागेदार असतो.

गराचा हा फरक घारग्यांत लगेच कळतो. किसलेला भोपळा गुळाबरोबर शिजताना पाणी सोडतो आणि त्या पाण्यात मावेल तेवढं पीठ घालावं लागतं. गर पाणचट असला की पीठ जास्त लागतं, घारगे कडक होतात आणि भोपळ्याची चव हरवते. घट्ट गराला पीठ कमी पुरतं.

भोपळा तयार झाला का, हे नखाने तपासावं. सालीत नख रुतलं तर तो कोवळा आहे. देठ वाळून खडखडीत झालेला आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळा पडलेला हवा. काढताना दोन-तीन इंच देठ फळाला ठेवावा आणि देठाला धरून भोपळा उचलू नये. देठ निखळला की तिथूनच कूज सुरू होते. मग आठ-दहा दिवस वाऱ्याशीर, कोरड्या जागी सुकवून फळीवर किंवा माळ्यावर पेंढा पसरून ठेवावा. भोपळे एकमेकांना टेकू देऊ नयेत. ठेवणीत गरातल्या पिठाची हळूहळू साखर होते, त्यामुळे काढल्यानंतर काही आठवड्यांनी तो जास्त गोड लागतो.

चिरल्यावर कच्च्या गराचा छोटा तुकडा चाखावा. कडू लागला तर अख्खा भोपळा टाकून द्यावा. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. शोभेसाठी विकतात ते चिमुकले रंगीत भोपळेही खाऊ नयेत.

शेवटी बियाण्याचं. एकाच जातीचे दोन वाण शेजारी असले तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. यंदाचं फळ त्याने बदलत नाही, बी बदलतं. वाण शुद्ध राखायचा तर उद्या उमलणारी मादी कळी आणि नर कळी आज संध्याकाळीच दोऱ्याने बांधावी. सकाळी नर फुलाचे पराग मादी फुलाला लावून ते पुन्हा बांधावं. दुधी किंवा काकडीचं बी धरायचं तर ते फळ वेलावरच जून करावं लागतं, ते खाता येत नाही. भोपळा मात्र पिकल्यावरच खातात, तेव्हा बीही तयार असतं. म्हणून आधी भाजी खावी, आवडली तरच त्याचं बी धुऊन, सावलीत सुकवून पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवावं.