‘ऑटो’ वायपर पाऊस नव्हे, प्रकाश मोजतो : नव्या मोटारीतील स्वयंचलित वायपर समजून घेताना

चेन्नई : महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका जाणवू लागतो, त्याच सुमारास चेन्नईत पावसाळ्याला तोंड फुटते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम घाटाच्या पलीकडे राहणारे हे शहर आपल्या वर्षभराच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांकडून घेते. येथील वार्षिक सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर आहे. मात्र हा पाऊस संततधारेपेक्षा सरींनी आणि बंगालच्या उपसागरातील वादळी प्रणालींबरोबर येतो. कोरड्या रस्त्यावरून निघालेल्या वाहनाला दहा मिनिटांत पुढचे काही दिसेनासे व्हावे, हा अनुभव येथे नवा नाही.

याच शहराच्या परिघात देशातील मोटारनिर्मितीचा एक मोठा पट्टा उभा आहे. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ मध्ये सँट्रो बाहेर पडली. २०१० मध्ये ओरगडम येथे रेनॉ-निस्सानचा कारखाना सुरू झाला. शहरातील पाडी येथील लुकास-टीव्हीएस ही कंपनी वायपरच्या मोटरींसह वाहनांची विद्युत उपकरणे बनवते. एकेकाळी केवळ महागड्या परदेशी मोटारींत आढळणारे, पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर आता मध्यम किमतीच्या मोटारींच्या वरच्या श्रेणींतही मिळू लागले आहेत. त्यामुळे ‘ऑटो’ असे लिहिलेली खूण पहिल्यांदाच पाहणाऱ्या चालकांची संख्या देशभर वाढते आहे. मात्र या खुणेचा नेमका अर्थ माहीत नसेल, तर ही सोय ऐन पावसात चालकाचा गोंधळही उडवू शकते.

हातापासून सेन्सरपर्यंत

समोरची काच पुसण्याच्या यंत्रणेचा इतिहास मोटारीइतकाच रंजक आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये अशा यंत्रणेचे पेटंट मिळाले. वाहनाच्या आत बसून हाताने दांडा फिरवायचा आणि बाहेर रबराची पट्टी काचेवरून सरकायची, अशी ती रचना होती. पुढे वायपर विजेच्या मोटरवर चालू लागले, तरी रिमझिम पावसाचा प्रश्न सुटला नव्हता. काच जवळजवळ कोरडी असताना वायपर सतत फिरत राही. थोडे थांबून पुन्हा पुसणाऱ्या वायपरसाठी इलेक्ट्रॉनिक मंडल तयार करून रॉबर्ट कर्न्स या डेट्रॉइटच्या अभियंत्याने १९६४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. या शोधावरून त्यांनी मोठ्या मोटार कंपन्यांशी दिलेला न्यायालयीन लढा प्रसिद्ध आहे. फोर्ड कंपनीने १९९० मध्ये त्यांना एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन वाद मिटवला.

कर्न्स यांच्या रचनेत दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जावा, हे चालक ठरवत असे. स्वयंचलित वायपरमध्ये तो निर्णय सेन्सर घेतो. चालकाच्या हाती राहते ती त्या सेन्सरची संवेदनशीलता. हा फरक लहान वाटला, तरी बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

सेन्सर काय पाहतो?

आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटवलेली एक छोटी काळी डबी दिसते. तिच्यात अवरक्त प्रकाश देणारे दिवे आणि तो प्रकाश टिपणारे घटक असतात. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो साधारण ४५ अंशांच्या कोनात काचेत सोडला जातो.

येथे शालेय भौतिकशास्त्रातील पूर्ण आंतरिक परावर्तनाचा नियम कामी येतो. काच आणि हवा यांच्या सीमेवर क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश असतो. त्याहून मोठ्या कोनात आलेला प्रकाश काचेबाहेर न जाता पूर्णपणे आत परततो. म्हणजे काच कोरडी असेल, तर सोडलेला बहुतेक प्रकाश सेन्सरकडे परत येतो. काचेवर थेंब पडला की त्या जागी काचेला हवेऐवजी पाणी लागते. काच आणि पाणी यांच्यासाठी क्रांतिक कोन सुमारे ६२ अंश आहे. ४५ अंशांतून आलेला प्रकाश आता अडत नाही. त्यातील बराचसा थेंबात शिरून बाहेर निघून जातो. परतणारा प्रकाश जितका कमी, तितके पाणी अधिक, असा हिशेब करून यंत्रणा वायपरला एक फेरी, थांबून थांबून फेऱ्या, संथ किंवा जलद गती असा आदेश देते.

याचा अर्थ असा, की सेन्सरला ‘पाऊस’ कळत नाही. काचेच्या एका लहानशा तुकड्यावरून किती प्रकाश परत आला, एवढेच त्याला कळते. पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेले पाणी आणि आकाशातून पडलेले पाणी त्याच्या दृष्टीने एकच. त्या तुकड्यावर थेंब नसतील आणि चालकाच्या नजरेसमोरची काच मात्र भरली असेल, तर तो स्वस्थ राहू शकतो. उलट त्या तुकड्यावर चिखलाचा शिंतोडा किंवा चिकट किडा बसला, तर कोरड्या काचेवरही वायपर फिरू शकतो. टेस्लासारख्या काही कंपन्या या कामासाठी वेगळ्या सेन्सरऐवजी कॅमेऱ्याचा उपयोग करतात. तेथेही निर्णय प्रतिमेवरून काढलेल्या अंदाजावरच अवलंबून असतो.

लिव्हरवरील खुणांचा अर्थ

वायपरचे लिव्हर स्टिअरिंगच्या डावीकडे असेल की उजवीकडे, हे कंपनीनुसार बदलते. गाडी बदलल्यावर पहिले काही दिवस इंडिकेटर द्यायला जावे आणि वायपर फिरावा, असे अनेकांच्या बाबतीत घडते. लिव्हर वर-खाली केल्यावर येणाऱ्या जागा मात्र बहुतेक गाड्यांत सारख्याच असतात. ‘ऑफ’ म्हणजे बंद. ‘लो’ आणि ‘हाय’ या सतत चालणाऱ्या संथ आणि जलद गती. ‘मिस्ट’ या जागी लिव्हर धरल्यास, काचेवर तुषार असतील तेव्हा उपयोगी पडणारी एखादी फेरी होते. लिव्हर स्वतःकडे ओढल्यास काचेवर पाण्याचा फवारा येतो आणि वायपर काही फेऱ्या मारतो.

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत जेथे ‘इंट’ असे लिहिलेले असते, तेथेच नव्या गाड्यांत ‘ऑटो’ असते. लिव्हरवर फिरणारी एक कडीही असते. ‘इंट’ असलेल्या गाडीत ती कडी दोन फेऱ्यांमधील अंतर ठरवते. ‘ऑटो’ असलेल्या गाडीत तीच कडी सेन्सर किती थोड्या पाण्याला प्रतिसाद देणार, हे ठरवते. त्यामुळे कडी टोकाला नेली म्हणजे वायपर जोरात फिरेल, ही अपेक्षा चुकीची ठरते. पाऊस नसेल, तर सर्वाधिक संवेदनशीलतेवरही वायपर थांबलेलाच राहणार. अनेक गाड्यांत संवेदनशीलता वाढवताच वायपर एक फेरी मारतो. तो बिघाड नसून बदल नोंदवल्याची खूण असते. काही गाड्यांत लिव्हर ‘ऑटो’वर असताना गाडी सुरू केल्यावरही अशी एक फेरी होते.

‘ऑटो’ केव्हा बंद ठेवावे?

वाहनांच्या माहितीपुस्तिकांत या संदर्भात दिलेला इशारा बहुधा न वाचता सोडला जातो. गाडी धुण्यापूर्वी लिव्हर ‘ऑफ’वर आणणे आवश्यक आहे. पाण्याचा फवारा किंवा ओला फडका सेन्सरच्या जागेवरून फिरला, की यंत्रणेच्या दृष्टीने पाऊस सुरू होतो. गाडीचा पुरवठा चालू असेल, तर वायपरचे हात अचानक उसळतात. काच पुसणाऱ्या व्यक्तीच्या बोटांना इजा होऊ शकते. स्वयंचलित धुलाई केंद्रात फिरत्या ब्रशांमध्ये अडकून वायपरचा हात वाकू शकतो किंवा मोटरवर ताण येऊ शकतो. सिग्नलवर काच पुसायला धावणारी मुले, पेट्रोल पंपावरील कर्मचारी, इमारतीत पहाटे गाड्या पुसणारे कामगार यांना आपल्यासमोरच्या गाडीत असा सेन्सर आहे, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. ती काळजी चालकानेच घ्यायची असते.

धुळीच्या दिवसांतही ‘ऑटो’ बंद असलेले बरे. चेन्नईत जानेवारीपासून पुढचे काही महिने फारसा पाऊस नसतो. त्या काळात उन्हाने वायपरचे रबर कडक होते आणि काचेवर धूळ बसते. समुद्रकिनाऱ्याजवळ त्यात खाऱ्या हवेचा थर मिसळतो. अशा काचेवर वायपर कोरडा फिरला, तर वाळूचे कण रबराखाली घासले जाऊन बारीक चरे पडतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर विखुरतो. म्हणून आधी पाण्याचा फवारा आणि मग पुसणे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

दमट हवेतील काचेचा प्रश्न आणखी वेगळा. किनारपट्टीच्या शहरांत वातानुकूलन जास्त थंड ठेवले, की थंड झालेल्या काचेवर बाहेरून बाष्प साचते. त्याचा पातळ, एकसारखा थर सेन्सरच्या नजरेतून सुटू शकतो. तेव्हा ‘मिस्ट’ची एक फेरी आणि काचेकडे जाणारा थंड हवेचा झोत वळवणे हा उपाय आहे. काच आतून धुरकट झाली असेल, तर वायपरचा काहीच उपयोग नसतो. त्यासाठी वातानुकूलन चालू ठेवून कोरडी हवा काचेवर सोडावी लागते. खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात धुके दाटते, तेव्हाही चालकाने ‘ऑटो’च्या भरवशावर राहू नये.

मुसळधार पावसात निर्णय चालकाचा

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईला महापुराने वेढले. त्या वेळी उपनगरातील तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली होती. मात्र वायपरची परीक्षा दिवसभराच्या एकूण पावसापेक्षा प्रत्येक मिनिटाच्या जोरावर होते. सरीच्या सुरुवातीचे काही क्षण, उड्डाणपुलाखालून एकदम उघड्यावर येणे, शेजारून जाणाऱ्या बसने उडवलेला पाण्याचा लोट, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील बोगद्यातून बाहेर पडताना लागणारी सर, या सर्व प्रसंगी सेन्सरला थेंब दिसल्यावर हिशेब करून आदेश द्यायला क्षणभर लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे गेलेली असते. अशा वेळी लिव्हर हाताने ‘लो’ किंवा ‘हाय’वर नेणे हेच योग्य. त्यासाठी रस्त्यावरची नजर न हलवता ती जागा बोटांना सापडली पाहिजे. म्हणून नव्या गाडीत हा सराव उभ्या गाडीत, काच ओली करून करून घेणे उपयुक्त ठरते.

‘हाय’वर वायपर फिरत असूनही काच स्वच्छ होत नसेल, तर त्यापुढे वायपरची गती वाढत नाही. मग गाडीचाच वेग कमी करावा लागतो, दिवे लावावे लागतात, पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे लागते आणि गरज पडल्यास रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार समोरची काच असलेल्या मोटारीला कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे. तो स्वयंचलित असलाच पाहिजे, असे नियम म्हणत नाही. ‘ऑटो’ ही सोय आहे. रस्ता दिसतो आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी चालकाचीच राहते.

काच बदलताना

दगड उडून काचेला तडा जाणे महामार्गावर नित्याचे आहे. सेन्सर असलेल्या गाडीची काच बदलताना नवी काच त्याच श्रेणीच्या गाडीसाठी, सेन्सरच्या जागेसह बनवलेली आहे ना, हे तपासावे. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलसारखा थर असतो. तो बसवताना हवेचा बुडबुडा राहिला, तर तेथून प्रकाशाचा मार्ग बदलतो आणि वायपर कोरड्या दिवशी फिरतो किंवा पावसात गप्प राहतो. काच बदलल्यानंतर असा विचित्रपणा सुरू झाला, तर वायपरच्या मोटरकडे बोट दाखवण्याआधी हा थर तपासून घ्यावा. चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेराही अनेक नव्या गाड्यांत आरशामागेच असतो. त्यालाही वायपरने पुसलेल्या काचेतूनच पाहावे लागते. काच बदलल्यावर त्याचे पुन्हा समायोजन करावे लागू शकते.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी दहा मिनिटांची आहे. रबराची कड बोटाने चाचपून ती कडक झाली किंवा फाटली नाही ना, हे पाहावे. ओल्या काचेवर वायपर फिरवून रेघा राहतात का, हे पाहावे. फवाऱ्याची टाकी भरावी. आरशामागची काच बाहेरून स्वच्छ करावी; त्या वेळी गाडी बंद आणि लिव्हर ‘ऑफ’वर असावे. शेवटी लिव्हर ‘ऑटो’वर आणून, वायपरच्या कक्षेत कुणाचा हात नाही याची खात्री करून, सेन्सरसमोरच्या काचेवर दुरूनच थोडे पाणी शिंपडावे. वायपर फिरला, तर यंत्रणा जागी आहे. महाराष्ट्रात ही तपासणी मे महिन्यात, तर चेन्नईत सप्टेंबरमध्ये उरकलेली बरी.